दुसरा घाणा

आमच्या मेहुण्यांनी मला आयुष्यात तीनच प्रश्न विचारले. पहिला, मुलगी पाहायच्या कार्यक्रमात: "पगार किती?" दुसरा, मी बँकेतून निवृत्त झालो तेव्हा: "पेन्शन किती?" आणि तिसरा गेल्या एप्रिलात, फोनवर: "भावोजी, तुमच्या कोल्हापुरात चांगला वडापाव कुठे मिळतो हो?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी ताबडतोब दिली होती. आकडा लहान असला की तो सांगायला वेळ लागत नाही. तिसऱ्या प्रश्नाला मात्र अडखळलो. मेहुणे जन्माने गिरगावकर, आता डोंबिवलीकर. नोकरीच्या चाळीस वर्षांत दादरला रोज गाडी बदलताना त्यांनी जेवढे वडापाव खाल्ले असतील तेवढ्या बटाट्यांत आमच्या अख्ख्या पेठेचा श्रावण निघाला असता. अशा माणसाने कोल्हापुरात येऊन वडापाव मागणं म्हणजे विहिणीने पंगतीत बसून "वरण कुणी केलंय?" असं विचारणं. त्या प्रश्नाला उत्तर नको असतं. परत गेल्यावर चार घरी सांगायला मजकूर हवा असतो.

"मिसळ खा की," मी म्हणालो.

"मिसळ सगळेच खातात. मी वडापावाबद्दल विचारतोय."

"तांबडा-पांढरा रस्सा?"

"भावोजी, विषय बदलू नका."

फोन ठेवल्यावर आमची सौ. म्हणाली, "सांगायचं ना एखादं ठिकाण! एरवी दुसऱ्याच्या घरच्या पोह्यांवरसुद्धा मत असतं तुमचं." बायकोच्या भावाने प्रश्न विचारला आणि बायकोने तो उचलून धरला, की नवऱ्याला अभ्यासाला बसावंच लागतं.

खरं सांगायचं तर आमच्या गावात वडापावाची स्थिती नामांकित पैलवानाच्या धाकट्या भावासारखी आहे. तो बिचारा एम.ए. झाला, प्राध्यापक झाला, तरी लोक भेटले की विचारणार, "दादा काय म्हणतात?" इथे दादा म्हणजे मिसळ. बाहेरगावचा पाहुणा उतरला की त्याला अंबाबाईचं दर्शन, रंकाळा आणि मिसळ, एवढं घडवल्याशिवाय आम्ही मोकळं सोडत नाही. बरं, वड्याला मान नाही असंही नाही. दीपकच्या वड्याचं नाव काढलं की परगावी स्थायिक झालेला कोल्हापूरकर बोलता बोलता थांबतो. मिसळीच्या कटात बुडवलेला कटवडा तर असा तिखट, की तो खाताना माणूस रडतो आणि पुन्हा मागतो. वड्याचं सगळं ठीक आहे. उपेक्षा आहे ती पावाची. कारण आम्ही मिसळीलासुद्धा लादीपाव लावत नाही, ब्रेडच्या स्लाइस देतो. मुंबईचा माणूस त्या स्लाइसकडे असा बघतो, की जणू लग्नाला बोलावून आम्ही त्याला दवाखान्याचा नाश्ता वाढला आहे.

आणि गंमत अशी की या पदार्थात आपलं म्हणावं असं आहे तरी काय? बटाटा पोर्तुगीजांच्या गलबतातून आला, नावसुद्धा तिकडूनच घेऊन आला. मिरचीही त्याच वाटेने आली. आपण तिला इतकं आपलं केलं, की आता कोल्हापूरकराला ती परदेशी म्हटलं तर तो बाह्या सरसावेल. पाव हा शब्दही पोर्तुगीजच. उरलं डाळीचं पीठ, हळद आणि लसूण, तेवढं आपलं. म्हणजे पाहुण्यांना घरजावई करून घेतलं आणि वर आडनाव आपलं लावलं. ते लावलं मुंबईने. १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी आपल्या गाडीवर वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं सांगितलं जातं, आणि दादरचा माणूस ते शपथेवर सांगतो. पाळीवर निघालेल्या गिरणी कामगाराला ताट नको, चमचा नको, बसायला जागा नको, आणि खिशाला परवडेल असं पोटभरीचं काही तरी हवं, ही सगळी गरज त्या एका पदार्थाने भागवली. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो कधी संपला हे कुणालाच नीट सांगता आलं नाही. त्यानंतर ज्यांच्या हातातला माग सुटला, त्यांतल्या कित्येकांनी हातात झारा घेतला. या गिरण्यांत कोकणातली माणसं होती तशीच आमच्या घाटावरचीही होती. तेव्हा वडापावाशी कोल्हापूरचं नातं अगदीच लांबचं नाही, हे मेहुण्यांना ऐकवायचं मी ठरवून ठेवलं.

पण नुसत्या इतिहासाने पोट भरत नाही आणि मेहुणे तर मुळीच गप्प बसत नाहीत. मी समीक्षेची तयारी केली. आमच्या तरुणपणी मराठी समीक्षेत आशय, घाट आणि सेंद्रिय एकात्मता हे शब्द फार चालत. कवितेच्या बाबतीत त्यांचा अर्थ मला कधी लागला नाही. वडापावाच्या बाबतीत तो लख्ख लागतो.

आशय म्हणजे आतली भाजी. बटाटा जुना हवा. नवा बटाटा पाणीदार आणि चिकट, त्याचा लगदा होतो. तो किसायचा नाही, हाताने फोडायचा, म्हणजे खाताना मधूनच एखादी फोड लागते आणि आपण बटाटा खातो आहोत याची खात्री पटते. लसूण आणि हिरवी मिरची ठेचलेली हवी, वाटलेली नको. हळद एवढीच, की रंग यावा आणि वास येऊ नये.

घाट म्हणजे आवरण. पीठ सरसरीत असावं. त्यात सोडा जास्त पडला तर वडा फुगतो, तेल पितो आणि दोन घासांत मनुष्य सुस्तावतो. आवरण इतकं पातळ नको की आशय उघडा पडेल, आणि इतकं जाडही नको की आशय शोधावा लागेल. (हे वाक्य मी एका नवकवीला ऐकवलं होतं. त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही.)

सेंद्रिय एकात्मता म्हणजे वडा आणि पाव यांचा संसार. पाव ताजा असेल तर तो वड्याभोवती मिटतो. शिळा असेल तर मध्येच मोडतो आणि वडा हातात राहतो. सोबतीला मुंबईत लसणीची लाल सुकी चटणी असते, आमच्याकडे खर्डा, मीठ लावलेली तळलेली मिरची, आणि गाडीवाला ओळखीचा असेल तर मूठभर चुरा. पूर्वी हे सगळं वर्तमानपत्राच्या तुकड्यावर मिळे. वडा संपला की खाली बातमी निघायची आणि ती नेमकी "पान ५ वर पाहा" इथे संपायची. पान ५ वर दुसऱ्याचा वडा असे. २०१६ साली सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याने छापील कागदात खाद्यपदार्थ बांधू नका, शाई पोटात जाते, असं बजावलं. योग्यच केलं. पण माझं निम्मं सामान्यज्ञान त्या तेलकट तुकड्यांवर पोसलेलं आहे, हेही नोंदवून ठेवतो.

राहिलं तेल. तेलाबाबतचा माझा निकष वडिलोपार्जित आहे.

आमचे अण्णा शाळेत गणित शिकवायचे आणि बोर्डाचे पेपर तपासायचे. दोन्ही कामं ते सारख्याच निर्विकारपणे करत. मी अकरावीला बसलो त्या वर्षी त्यांनी पेपर तपासायचंच नाकारलं. "घरातला मुलगा परीक्षेला असताना परीक्षकाने गुण देऊ नयेत," एवढंच म्हणाले. मला वाटतं, त्यात नीतीइतकीच माझ्या गणिताची धास्तीही असावी. बाहेर उभं राहून खाणं त्यांना अजिबात पसंत नव्हतं. लहानपणी एकदा खासबागेतल्या कुस्त्या सुटल्यावर मी गाड्यावर वडा खाताना त्यांना दिसलो. ते काही बोलले नाहीत. घरी गेल्यावर मला एकोणीसचा पाढा शंभर वेळा लिहायला लावला. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून पुरं केलेलं ते कुस्त्यांचं मैदान लोकांना कशासाठीही आठवो, मला ते एकोणीस साते एकशे तेहेतीस आणि लसणीचा वास यांसाठी आठवतं.

घरात तळण असलं की मात्र अण्णा आमच्यात बसायचे, आणि वाफाळतं भजं आम्ही उचललं की म्हणायचे, "वाफ जाऊ दे, मग खा. घाई करणाऱ्याची जीभही भाजते आणि गणितही चुकतं." भजं मधोमध फोडायचं, वाफ जाऊ द्यायची आणि मग खायचं, ही आमच्या घराण्याची रीत त्यामुळे पडली. पुढे म्हातारपणी त्यांनी आणखी एक नियम काढला. पहिला घाणा निघाला तरी ताट पुढे करायचे नाहीत. सुनेला म्हणायचे, "मला दुसऱ्या घाण्यातलं दे." कारण विचारलं तर एखादी रीत सोडवून दाखवावी तसं सांगायचे. पहिल्या घाण्याला तेल स्थिर झालेलं नसतं, गार पीठ पडलं की त्याचा ताव उतरतो. तिसऱ्यापर्यंत तळाशी गेलेला चुरा करपतो आणि सगळ्या तेलाला त्याचा वास लागतो. मधला घाणा खरा. तेव्हापासून मी कुठल्याही कढईपुढे उभा राहिलो की हा सिद्धांत मनात म्हणतो, आणि शक्यतो दुसऱ्यालाही ऐकवतो.

तर अशी जय्यत तयारी करून मी महालक्ष्मी एक्स्प्रेसला सामोरा गेलो. मेहुणे एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन उतरले. मोबाईलमध्ये कोल्हापुरातल्या वडापावांची यादी होती, आणि प्रत्येकापुढे तारे. माझ्या खिशात कागद होता: भाजी ३०, आवरण २५, पाव २०, सोबत १५, तेल १०, एकूण १००.

पहिला वडापाव स्टेशनच्या आसपासच खाल्ला, कारण मेहुण्यांना धीर नव्हता. वडा आदल्या दिवसाचा होता असं मी म्हणणार नाही, पण त्याला नुकतीच सकाळ झाली आहे हे कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. २८ गुण. मेहुणे नुसतेच हसले. त्या हसण्यात दादरच्या प्लॅटफॉर्मवरची गर्दी होती.

दुसरा महाद्वार रोडच्या गर्दीत. भाजी उत्तम, लसूण बोलकी, खर्डा असा की मेहुण्यांनी दोन मिनिटं मुंबईचं नाव काढलं नाही. पण आम्ही पोचलो तेव्हा घाणा संपत आला होता आणि परातीतले उरलेले दोन आमच्या वाट्याला आले. आवरण मऊ पडलेलं. ५१.

तिसरा राजारामपुरीत. तिथे फळ्यावर वडापावाचे अकरा प्रकार होते. त्यांत चीज होतं, शेजवान होतं, बटर होतं. शोधूनही साधा सापडला नाही. चीजवाला घेतला. पदार्थ वाईट नव्हता, पण वड्याची अवस्था वरातीतल्या नवरदेवासारखी झाली होती. मुंडावळ्यांमागे चेहराच दिसेना. मी गुण दिले नाहीत, "विषय वेगळा" असा शेरा मारला. मेहुणे म्हणाले, "मुंबईतही हाच रोग आहे." त्या दिवशी आमचं पहिल्यांदा एकमत झालं.

चौथा केशवराव भोसले नाट्यगृहाजवळच्या खाऊगल्लीच्या बाजूला. इथे दैव उघडलं. आम्ही उभे राहायला आणि झारा कढईतून वर यायला एकच गाठ पडली. आणि योगायोग म्हणजे तो दुसरा घाणा होता. मी विचारून खात्री करून घेतली. वडा हातात धरवत नव्हता, आवरण कुरकुरीत, आत फोडी शाबूत. ७८! मेहुण्यांनी चार तारे दिले. मी विजयी मुद्रेने सौ.साठी दोन बांधून घेतले.

तिथेच घात झाला. घरी पोचायला, पंखा लावायला, मेहुण्यांचे पाय धुवायला तासभर गेला. पुडी उघडली. सौ.ने एक घास घेतला आणि विचारलं, "याला अठ्ठ्याहत्तर?"

मी खाऊन पाहिला. तोच वडा, तेच पीठ, तोच हात, आणि आता चाळीसच्या वर एक गुण देववेना. आवरण चामडं झालेलं, हाताला तेल, पाव ओला. यालाही शास्त्र आहे. वडा कढईत असतो तोवर आतल्या पाण्याची वाफ बाहेर जोर करते आणि तेलाला आत शिरू देत नाही. वडा बाहेर काढला आणि निवू लागला की ती वाफ विरते, आत जागा होते, आणि अंगावर लागलेलं तेल आत ओढलं जातं. पुडी घट्ट बांधली तर उरलेली वाफ बाहेर पडायच्या ऐवजी आवरण आणि पाव दोघांनाही भिजवते. म्हणजे वडा तळताना तेलकट होतो ही आपली समजूत. तो तेलकट होतो वाट बघताना.

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळपासून आम्ही चुकीचा पेपर सोडवत होतो. महाद्वार रोडवर आम्ही दहा मिनिटं आधी पोचलो असतो तर त्याला ७५ पडले असते. स्टेशनवरच्याला कदाचित संध्याकाळी ६० पडले असते. खाऊगल्लीतला तासाभरात ७८ चा ४० होतो. मग गुण कुणाला द्यायचे, गाड्याला की घड्याळाला? चांगला वडापाव कुठे मिळतो हा प्रश्नच चुकीचा. तो कधी मिळतो, असं विचारायला हवं. त्या मोबाईलमधल्या ताऱ्यांत गल्लीचा नकाशा असतो, घाण्याची वेळ नसते.

मेहुण्यांना मी हे सगळं ऐकवलं. ते म्हणाले, "म्हणजे मुंबईचा वडापाव चांगला, कारण तिथे गर्दीमुळे तो गार व्हायला वेळच मिळत नाही." माणूस चाळीस वर्षं दादरला उभा राहिला की त्याला तर्कशास्त्र आपोआप येतं.

संध्याकाळी त्यांना रंकाळा दाखवायचा होता. वाटेत त्यांच्या एका परिचितांना भेटायला दवाखान्यात डोकवायचं होतं, म्हणून आम्ही त्या रस्त्याने गेलो. एरवी मी त्या रस्त्याने जात नाही. बाहेर पडलो तोच वळीव आला. कोल्हापूरचा वळीव पैलवानासारखाच, शड्डू ठोकायच्या आधी अंगावर येतो. समोर निळं ताडपत्री टाकलेला एक गाडा होता. त्यावर पाटी नव्हती. मेहुण्यांच्या यादीत तो नव्हता. आम्ही धावत जाऊन त्याखाली उभे राहिलो, आणि नुसतं उभं राहणं बरं दिसेना म्हणून दोन वडापाव सांगितले. कढईपुढे तिशीचा मुलगा होता. मागे स्टुलावर एक म्हातारा मिरच्यांची देठं काढत बसला होता.

वडे आले. मेहुणे तोंडात घालणार, इतक्यात मी सवयीने आपला वडा मधोमध फोडला आणि म्हणालो, "वाफ जाऊ दे, मग खा. घाई करणाऱ्याची जीभही भाजते आणि गणितही चुकतं."

म्हाताऱ्याचे हात थांबले. त्याने वर पाहिलं.

"तुमी सरांचं चिरंजीव व्हय?"

मी कोणते सर म्हणून विचारलं. त्याने काळी टोपी, छत्री आणि डाव्या हातात घड्याळ असं वर्णन केलं. अण्णा घड्याळ डाव्या हातात बांधत नसत, डाव्या हातात धरत असत. पट्टा तुटलेला होता आणि ते तो बदलत नव्हते. दुसरं कुणी असणं शक्य नव्हतं.

"पण अण्णा बाहेर काही खात नसत," मी म्हणालो.

"व्हय, मलाबी रोज त्येच सांगायचे," म्हातारा म्हणाला. "एक वडा खायाचे आन् सांगायचे. पाव न्हाई, दोन स्लाइस. चटणी न्हाई. बाई दवाखान्यात हुत्या तवा."

ते १९९४ साल. आई सव्वादोन महिने दवाखान्यात होती. माझी बदली तेव्हा कोकणातल्या एका शाखेत झाली होती. नवी शाखा, रजा शिल्लक नाही, रविवारची तेवढी एक फेरी. सौ. मुलांना घेऊन माझ्याबरोबर होती. आईने आणि अण्णांनीच आग्रह केला होता, मुलांची शाळा बुडवू नका म्हणून. रोज रात्री अकरानंतर मी एस.टी.डी. बूथवरून अण्णांना फोन करायचो. त्या वेळी दर पाव व्हायचा, आणि रांगेत माझ्यासारखे बरेच जण असायचे. मी विचारायचो, "जेवलात का?" अण्णा म्हणायचे, "जेवलो." मी विचारायचो, "व्यवस्थित?" ते म्हणायचे, "व्यवस्थित." पाव दरात यापेक्षा जास्त बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

"रोज साडेपाचला यायचे," म्हातारा सांगत होता. "पयला घाणा निघायचा. म्या द्यायला जायचो तर म्हणायचे, थांब, दुसऱ्यातला दे."

मी मेहुण्यांकडे वळलो आणि तेलाच्या स्थिर होण्याचा सिद्धांत सांगायला सुरुवात केली. म्हाताऱ्याने तो शांतपणे ऐकून घेतला.

"तेलाचं काय न्हाई ओ," तो म्हणाला. "माज्या कढईला पयला काय आन् दुसरा काय. दवाखान्याचं दार सहाला उघडायचं. तवर मानसानं उभं ऱ्हायचं कुटं?"

पाऊस ताडपत्रीवर वाजत होता. कढईपुढच्या मुलाने झारा फिरवला, चुरा बाजूला काढला.

"बाई गेल्यावरबी यायचे," म्हातारा पुन्हा मिरच्यांकडे वळत म्हणाला. "दोन वर्सं. साडेपाचलाच. सहा वाजले की घड्याळ बगायचे आन् जायाचे. कुटं जायाचे, म्या कदी इचारलं न्हाई."

मीही कधी विचारलं नव्हतं. निवृत्त माणूस संध्याकाळी फिरायला जातो, त्यात विचारायचं काय? मी परत कोल्हापुरात बदली करून घेतली तोवर ती दोन वर्षं उलटून गेली होती. घरी तळण असलं की अण्णा दुसरा घाणा मागायचे, आणि आम्ही त्याला चोखंदळपणा म्हणायचो. मी त्याचा सिद्धांत केला, बँकेतल्या मित्रांना ऐकवला, त्या दिवशी सकाळीच खाऊगल्लीत त्यावर गुण दिले. बाहेर न खाणाऱ्या माणसाला घाण्यांचा हिशेब कुठे कळला, हे साधं गणित मला तीस वर्षांत सुटलं नाही. एकोणीसचा पाढा फुकट गेला म्हणायचा.

"घ्या की," म्हातारा म्हणाला. "निवतोय."

आम्ही खाल्ला. मग कुणी न सांगता त्या मुलाने दुसरा घाणा सोडला आणि आमच्यापुढे दोन स्लाइस आणि एकेक वडा ठेवला, चटणी न लावता. तोही खाल्ला. मी पैसे पुढे केले तर म्हाताऱ्याने दोनचे घेतले आणि दोनचे परत केले. वळीव आला तसा गेला. रस्त्यावर मातीचा वास सुटला. मेहुण्यांनी मोबाईल बाहेर काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवला. रंकाळा येईपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही. शेवटी तेच म्हणाले,

"आवरण जरा जाड होतं, भावोजी."

"होतं," मी म्हणालो.

मला ते बरं वाटलं. सासुरवाडीचा माणूस गहिवरून खोटं बोलला असता तर मला सहन झालं नसतं. आवरण जाड होतं, बटाटा थोडा नवा होता, आणि स्लाइस कडेला सुकल्या होत्या. माझ्या कागदावरच्या निकषांनी पाहिलं तर तो वडा साठीच्या वर जाणार नाही. दोन्ही घाण्यांत काही फरक होता का, असंही मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. म्हातारा म्हणाला तेच खरं असणार. मला दुसरा बरा वाटला.

रात्री सौ.ने जेवताना विचारलं, "मग? शेवटी कुठला पहिला आला?" मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागद काढला आणि खाऊगल्लीतल्या वड्याचे ७८ वाचून दाखवले. समीक्षा म्हणून तो निकाल आजही कायम आहे. कोल्हापुरात चांगला वडापाव कुणाला खायचा असेल तर त्याने बिनधास्त तिकडे जावं, फक्त घाणा निघायच्या वेळी जावं आणि घरी बांधून आणू नये.

"आणि पाचवा?" सौ. म्हणाली. "दादा म्हणाला, पाच खाल्लेत."

पाचव्यापुढची जागा कोरी आहे. घरातला माणूस परीक्षेला असताना परीक्षकाने गुण देऊ नयेत.